लांबीखालचं पाणी

"गाडी घासायला मला नळाचं पाणी नको, टाकीतलं नको, आमच्या बावखलातलंच पाहिजे," फर्डिनंड एकदा म्हणाला होता.

गोष्ट बहात्तर-त्र्याहत्तरची. तेव्हा तो माजगावच्या एका कारखान्यात बसगाड्यांच्या पत्र्याचं काम शिकत होता आणि हे तो चक्क मुकादमाला सुनावत होता. मुकादमाने विचारलं, तुमच्या बावखलात फादर रोज आशीर्वादाचं पाणी ओततात का. सगळे हसले. फर्डिनंड हसला नाही. पुढच्या सोमवारी वसईजवळच्या गासहून, आपल्या गावाहून, येताना त्याने एक कॅन भरून आणला. भंगारातल्या एका दरवाजाची अर्धी बाजू त्या पाण्याने घासली, अर्धी कारखान्यातल्या बोअरिंगच्या पाण्याने, आणि दोन्हींवर एकच रंग चढवून दरवाजा आवारात उभा करून ठेवला. पावसाळा सरला तेव्हा बोअरिंगची बाजू गोवर आल्यासारखी फुलली होती. दुसरी बाजू होती तशीच होती. मुकादम तेव्हापासून त्याला नावाने न बोलावता 'ए बावखल' अशी हाक मारू लागला.

वसईच्या पश्चिमेकडे वाड्यावाड्यांतून ही बावखलं आहेत. केळीच्या, पानवेलीच्या, मोगऱ्याच्या बागांमध्ये खणलेली जुनी तळी. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही त्यांचं पाणी गोड. फर्डिनंडचा आजा सांगायचा, जमिनीखाली गोड पाणी खाऱ्या पाण्याच्या डोक्यावर बसलेलं असतं. वरचं पाणी वजन टाकून बसलंय तोवर खालचं मान वर काढत नाही. वरचं हावऱ्यासारखं उपसलं की खालचं हळूच उठून त्याच्या जागेवर येऊन बसतं, आणि एकदा बसलं की उठता उठत नाही. म्हणून जुन्या माणसांनी नियम घालून दिला होता: उन्हाळ्यात भर दुपारी रहाट थांबवायचा, झऱ्यांना दम घेऊ द्यायचा. फर्डिनंडच्या घराचं बावखल सामाईक होतं. अर्धा काठ त्याचा, अर्धा त्याच्या चुलतभावाचा, ॲन्सेल्मचा. पाणी घ्यायच्या पाळ्या ठरलेल्या होत्या आणि त्यावरून दोन घरांत कधी शब्दाला शब्द लागला नव्हता.

कारखाना बंद पडला तेव्हा फर्डिनंड गावी परतला आणि बावखलाच्याच काठी, रस्त्याच्या अंगाला, चिंचेखाली त्याने शेड घातली. गॅसचे सिलिंडर, हातोड्या, छन्न्या, पत्रा कापायची कात्री. लग्न फ्लॉसीशी झालं होतं. मूल नव्हतं. फ्लॉसी म्हणायची, याला मूल कशाला, हा पत्र्याशीच बोलतो. ते खोटं नव्हतं. गाडी आली की तो आधी तिच्याभोवती फिरायचा, बोटाच्या पेराने ठोकत जायचा, आणि जिथे आवाज बसका यायचा तिथे खडूने गोल काढायचा. वसईच्या वाऱ्यात मीठ असतं. इथल्या गाड्या आतून मरतात आणि बाहेरून बऱ्याच दिसत राहतात. गंजका भाग पूर्ण कापून काढायचा, तेवढाच नवा पत्रा बसवून गॅसने जोडायचा, ठोकून सपाट करायचा. मग वर लांबी. ही एक करडी लुकण. ती पातळ थरांनी ओढायची, सुकू द्यायची, आणि पाणी मारत पॉलिश पेपरने घासत बसायचं, हाताला पत्रा आणि लांबी यांतला फरक कळेनासा होईपर्यंत. त्यानंतर लाल प्रायमर, त्यानंतर रंग.

पाणी घेण्याची त्याची रीत होती. आधी जिभेवर एक घोट. मग गॅसने तापवलेल्या पत्र्याच्या तुकड्यावर एक थेंब. थेंब चर्र करून उडाला आणि मागे काही राहिलं नाही तर पाणी चांगलं. पांढरं वर्तुळ राहिलं तर पाण्यात मीठ आहे. ते पाणी लांबीत मुरतं, वर रंग बसला तरी आत जागं राहतं आणि लोखंड खायला लागतं. गावात त्याच्या जिभेला मान होता. कुणाच्या विहिरीला नवा वास आला, चव बदलली, की फर्डिनंडला बोलवायचे. ॲन्सेल्म वारल्यावर त्याची बायको अँजेलिना तर उघडच म्हणायची, आपल्या बावखलाची काळजी मला नाही. पाणी बिघडलं तर आधी फर्डी बोंब मारेल.

रंगाचं काम रामनाथकडे होतं. तो खाडीपलीकडच्या जूचंद्रचा, फर्डिनंडच्याच वयाचा, बापजाद्यांपासून मिठागरात राबलेल्या घरातला. मिठागर सोडून तो रंगाच्या कामाला लागला तेव्हा त्याच्या भावांनी त्याला बायकी काम धरलं म्हणून चिडवलं होतं. हात मात्र असा की स्प्रे गनचा फवारा त्याच्या मनगटातून निघतो असं वाटावं. तो फर्डिनंडला 'फर्डीशेठ' म्हणायचा, त्यात थोडी थट्टा असायची, आणि फर्डिनंड त्याला 'मीठवाल्या' म्हणायचा. दोघांनी वर्षानुवर्षं एकत्र डबा खाल्ला होता. नाताळात रामनाथची माणसं फर्डिनंडकडे जेवायला यायची आणि गणपतीत फर्डिनंड-फ्लॉसी जूचंद्रला.

मग टँकर आले.

नालासोपाऱ्याला, तुळिंजकडे, भाताच्या शेतांत इमारती उठत होत्या आणि इमारतींना पाणी लागत होतं. पश्चिमेच्या वाड्यांतून टँकर भरून जाऊ लागले. त्यातला एक टँकरवाला शेठ फर्डिनंडच्या शेडमध्ये आला तो पाण्यासाठी नव्हे. त्याच्या टाक्या बुडातून गळत होत्या. फर्डिनंडने एक टाकी दुरुस्त केली. शेठने आणखी दोन पाठवल्या. मग म्हणाला, माझ्या सगळ्या गाड्या तुझ्याकडे. आणि सातिवलीला एक गाळा मोकळा होतोय, पक्क्या छपराचा, वीज असलेला. मालक माझा दोस्त आहे, तुझ्यासाठी शब्द टाकतो. जाता जाता बावखलाकडे बघून म्हणाला, गाड्या इथे येतातच तर रिकाम्या कशाला पाठवायच्या.

सातिवलीचा गाळा फर्डिनंडच्या डोक्यात जाऊन बसला. चिंचेखाली उभं राहून पावसात सिलिंडर झाकत फिरायचा त्याला कंटाळा आला होता. त्याने अँजेलिनाला विचारलं. विचारलं असं तो स्वतःला नंतर सांगत राहिला. खरं म्हणजे त्याने तिला सांगितलं, थोडे दिवस टँकरला पाणी देऊया, मी लक्ष ठेवीन. ती म्हणाली, तू लक्ष ठेवणार ना, मग झालं. पंप बसला. पहिल्या उन्हाळ्यात दुपारी पंप बंद ठेवायचा नियम फर्डिनंडने पाळला. दुसऱ्या उन्हाळ्यात टँकर दुपारीच येऊ लागले आणि शेठला नाही म्हणणं दिवसेंदिवस अवघड होत गेलं. बावखलाचा काठ उघडा पडला, मुळं दिसू लागली. फर्डिनंड तिकडे पाठ करून काम करायला शिकला.

अँजेलिनाची व्हॅन आली ती याच उन्हाळ्यात, पंचाऐंशी साली.

व्हॅन ॲन्सेल्मने मुंबईच्या एका बेकरीकडून घेतली होती. गोल नाकाची, विलायती बनावटीची, मागे दोन झापांचं दार. तिच्यातून तो केळी आणि मोगरा दादरला नेत असे. शेजारी बसून बसून अँजेलिनाही चालवायला शिकली होती, गावात गाडी चालवणारी ती एकटीच बाई. चर्चमध्ये मिस्साला जाताना ती रस्त्यातल्या म्हाताऱ्यांना आत घ्यायची आणि म्हातारे हातात रोझरी धरून बसायचे. ते देवासाठी की तिच्या ब्रेकसाठी, असं गावात विचारायचे. ॲन्सेल्म गेल्यावर व्हॅन वाडीत आंब्याखाली उभी राहिली. पानांचा कचरा साचला, चिखल साचला, मुंगूस राहून गेलं. आता अँजेलिनाला ती पुन्हा रस्त्यावर आणायची होती. दलालाच्या टेम्पोवर माल टाकून ती कंटाळली होती, नवी केळी लावायचा तिचा बेत होता, आणि माल स्वतः न्यायचा होता. इंजिन पापडीच्या मिस्त्रीने चालू करून दिलं. बाकीची गाडी तिने फर्डिनंडच्या शेडमध्ये ढकलत आणवली आणि म्हणाली, "फर्डी, ॲन्सेल्म असता तर तुझ्याकडेच दिली असती."

त्याने ती मनापासून घेतली. इतकं चांगलं काम त्याने क्वचित केलं असेल. ब्लो लॅम्पने जुना रंग फुलवून खरवडत गेला तसे थर निघत गेले. वर ॲन्सेल्मचा हिरवा, त्याखाली पिवळट, आणि त्याखाली बेकरीच्या नावाची पुसट अक्षरं. चाकांवरच्या कमानी चाळणी झाल्या होत्या. दरवाजाच्या खालच्या पट्ट्या हाताने मोडत होत्या. फरशीचा पत्रा पावलाखाली बिस्किटासारखा पिचला. फर्डिनंडने सगळं कापून टाकलं. कमानींसाठी नवा पत्रा कापून, ठोकून, वाकवून त्याने तशीच गोलाई काढली. दरवाजे उघडून-मिटून जुळवत त्याने कितीतरी संध्याकाळी घालवल्या. रामनाथ म्हणाला, फर्डीशेठ, एवढ्या मेहनतीत नवीन व्हॅन जन्माला आली असती. मग लांबी ओढली, आणि घासायची वेळ आली.

बादली भरून रामनाथनेच आणली. पेपर भिजवला, दोन हात मारले, बोट तोंडात घातलं आणि थांबला.

"फर्डीशेठ, पानी खारं लागतंय."

"मिठागरात जन्मलास तू. तुला आईचं दूधपण खारंच लागलं असणार."

"चेष्टा नाय करत. चाखून बघा."

फर्डिनंडने चाखलं. जिभेच्या कडेला, अगदी मागे, ते होतं. नीट शोधलं तरच सापडेल इतकं, पण होतं. रामनाथ त्याच्या तोंडाकडे बघत होता. फर्डिनंड म्हणाला, तुझ्या बोटाला घाम आहे. रामनाथने खांदे उडवले आणि डबा खायला चिंचेच्या पलीकडे गेला. तो वळल्यावर फर्डिनंडने पत्र्याचा एक तुकडा तापवला आणि त्यावर थेंब टाकला. थेंब उडाला. मागे पांढरं वर्तुळ राहिलं, बारीक, काढल्यासारखं. ते त्याने अंगठ्याने पुसलं. पत्रा अजून गरम होता, अंगठा भाजला, तरी पूर्ण जाईपर्यंत तो पुसत राहिला.

निर्मळला एका विहिरीचं पाणी गोड होतं. सायकलला कॅन बांधून आणता आलं असतं. पण निर्मळहून पाणी आणताना गावाने बघितलं असतं, आणि बावखल दारात असताना फर्डिनंड दुसऱ्याच्या विहिरीचं पाणी का नेतो हे कुणीतरी विचारलंच असतं. मग पंप थांबला असता. टँकर गेले असते, गाळा गेला असता. आणि हे कधीपासून, या प्रश्नाचं उत्तर त्याला द्यावं लागलं असतं. खरं उत्तर असं होतं की मागच्या पावसाळ्याआधी एकदा त्याच्या जिभेला संशय आला होता, आणि त्या दिवसापासून त्याने बावखलाचं पाणी चाखणं सोडलं होतं.

व्हॅन त्याच पाण्याने घासली गेली.

रामनाथने प्रायमर मारला, मग रंग. अँजेलिनाने निळा मागितला होता. जूनच्या तोंडावर फादरने व्हॅनवर पाणी शिंपडून प्रार्थना म्हटली, अँजेलिनाने दोघांना जेवायला घातलं, आणि पावसाळाभर ती निळी व्हॅन गासच्या रस्त्यावर दिसत राहिली. लोक थांबून फर्डिनंडच्या हाताची तारीफ करत. फर्डिनंड लवकर विषय बदले.

पाऊस गेला, ऊन पडलं, आणि व्हॅनच्या दरवाजांखाली पहिले फोड आले. तांदळाएवढे. मग वाटाण्याएवढे. अँजेलिनाने व्हॅन शेडसमोर आणून उभी केली, तक्रार म्हणून नव्हे, दुखणं डॉक्टरला दाखवावं तशी. फर्डिनंडने नखाने एक फोड फोडला. आत पाणी होतं. त्याखाली त्याने स्वतः बसवलेल्या नव्या पत्र्यावर तांबूस ओल पसरली होती.

"कशाने झालं असेल रे?" तिने विचारलं.

"प्रायमर नीट धरला नसेल," तो म्हणाला.

त्याने नाव घेतलं नव्हतं. तेवढ्यावरच तो कितीतरी दिवस स्वतःला धरून राहिला, की मी कुणाचं नाव घेतलं नाही. पण प्रायमर कोण मारतो हे गावातल्या पोराटोरांना ठाऊक होतं. आठवड्याभरात बोललं जाऊ लागलं की रामनाथने डब्यात काहीतरी मिसळलं, चांगला माल स्वतःकडे ठेवला. चर्चच्या बाकांचं आणि लोखंडी फाटकाचं रंगकाम त्याला मिळायचं होतं, ते थांबलं. रामनाथने एकदा बाजारात, चार माणसांत, सांगून पाहिलं की पाणी खारं होतं. लोक हसले. गासच्या बावखलाला खारं म्हणणारा मिठागरवाला, ही त्यांना मजाच वाटली. कुणीतरी तिथेच उभ्या असलेल्या फर्डिनंडला विचारलं, काय रे, खरं का.

"मी चाखलं होतं," फर्डिनंड म्हणाला.

शब्द खरा होता. लोकांनी तो त्यांना हवा तसा घेतला, आणि फर्डिनंडने घेऊ दिला. रामनाथने त्याच्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. तो नुसता बघत होता, ओळखीच्या घराचं दार बंद दिसल्यावर माणूस बघतो तसा. मग पिशवी उचलून बसस्टँडकडे गेला. त्यानंतर तो शेडवर कामाला आला, पण डबा वेगळा बसून खाऊ लागला. 'फर्डीशेठ' म्हणत राहिला. त्यातली थट्टा गेली होती, आणि थट्टा गेल्यावर तो शब्द ऐकवत नव्हता.

फर्डिनंडला झोप होती, भूक होती. त्याचंच त्याला वाईट वाटे. काम करताना मात्र हात मध्येच थांबायचे. कुणाचीही गाडी ठोकताना आवाज बसका आला की खडूचा गोल अर्धाच राहायचा. फ्लॉसीने एकदा विचारलं की तुझं रामनाथशी काही बिनसलंय का. तो म्हणाला, त्याला विचार. नाताळापूर्वीचा आगमनकाळ सुरू होण्याआधी तो पापनिवेदनाला गेला. रांगेत उभा राहून त्याने सगळं मनात जुळवलं होतं. जाळीशी गुडघे टेकल्यावर त्याने दारूचं सांगितलं, फ्लॉसीवर ओरडल्याचं सांगितलं, मिस्सा चुकवल्याचं सांगितलं. आणखी काही, फादरने विचारलं. नाही, तो म्हणाला. फादरने प्रार्थना म्हणायला सांगितल्या. त्या त्याने म्हटल्या, सगळ्या, आणि बाहेर येऊन उन्हात उभा राहिला तर अंगाला भलत्याच पापांची क्षमा चिकटल्यासारखी वाटत होती.

इकडे अँजेलिनाच्या बागेत केळीच्या पानांच्या कडा करपू लागल्या. ती म्हणाली, लावलेले कोंब, मुनवेच खराब होते, आगाशीहून नवे आणते. जुन्या केळी काढून तिने जमीन मोकळी केली. अर्धी वाडी नव्याने लावायची होती, आणि तिच्याजवळ होतं नव्हतं ते सगळं या लावणीत जायचं होतं. नव्या मुनव्यांना पहिल्या दिवसापासून पाणी लागणार होतं. बावखलाचं.

त्याच आठवड्यात शेठचा माणूस सांगून गेला की सातिवलीचा गाळा दुसऱ्या कुणाला गेला. फर्डिनंडला काहीच वाटलं नाही. एका गोष्टीचं मात्र वाटलं: आता न सांगायला कारणसुद्धा उरलं नव्हतं, आणि तरी त्याने सांगितलं नव्हतं.

रविवारी मिस्सानंतर अँजेलिनाने दोघांनाही ओट्यावर बोलावलं. दोन जुन्या सोबत्यांमधलं हे तिला बघवत नव्हतं. तिच्या मनात हिशेब सोपा होता. रामनाथने एकदा चूक कबूल करावी, तिने माफ करावी, फादरना ती स्वतः सांगेल, बाकांचं काम त्याला परत मिळेल. फर्डिनंड निघण्याआधी बावखलावर उतरला. ओंजळीत पाणी घेऊन प्यायला. आता शोधावं लागत नव्हतं. घशाखाली उतरतानाच ते समुद्राचं होतं. आज सांगायचं, असं ठरवूनच तो चालत गेला.

रामनाथ आधीच आला होता. इस्त्रीचा शर्ट घालून, ओट्याच्या पायरीवर, खुर्ची दिली असताना. समोर व्हॅन उभी होती. फोड फुटून निळ्यातून तांबडे ओघळ खाली आले होते. ओट्याच्या कडेला नवे मुनवे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले होते. अँजेलिनाने चहा दिला, रामनाथच्या मुलीची चौकशी केली, मग विषयाला हात घातला. तिला बोलू न देता फर्डिनंड म्हणाला,

"वहिनी, रामनाथची काही चूक नाही. बावखलाचं पाणी खारं झालंय."

अँजेलिनाने कप खाली ठेवला. ती हसली, लहान दिराच्या बालिशपणावर हसावं तशी.

"मला वाटलंच तू असं काही बोलशील. लहानपणापासून दुसऱ्याचा मार स्वतःच्या अंगावर घ्यायची खोड तुला. ॲन्सेल्म सांगायचा."

"खरंच खारं झालंय."

"अरे, दोन वर्षं तू त्या पाण्यात हात घालून बसलायस. पंप तुझा. जीभ तुझी. खारं झालं असतं तर तू मला दोन वर्षं सांगितलं नसतंस? आणि बाजारात तूच म्हणालास ना, मी चाखलं होतं म्हणून. तुझ्या त्या एका शब्दावर मी हे मुनवे आणले."

आता एकच वाक्य राहिलं होतं. मला ठाऊक होतं, एवढंच. ते तोंडाशी आलं आणि तिथेच उभं राहिलं. अँजेलिना त्याच्याकडे प्रेमाने बघत होती. तिच्या डोळ्यांत त्याच्याविषयी जे होतं ते त्याने इतकी वर्षं कमावलं होतं, आणि ते वाक्य बोलताच ते तिथून जाणार होतं, त्याच्यासमोर. रामनाथ पायरीवरून वर बघत होता. तो घाई करत नव्हता. त्याने फर्डिनंडला बराच वेळ दिला, कप रिकामा होईपर्यंत, आणि रिकामा झाल्यावरही तो कप हातात धरून बसला. अंगणात कोंबडी पानांत काहीतरी उकरत होती. फर्डिनंड चहावरच्या सायीकडे बघत राहिला.

मग रामनाथने कप पायरीवर ठेवला.

"बाय," तो म्हणाला, "प्रायमरमधी घासलेट जास्ती पडलं माझ्या हातून. घाई होती. चूक माझी."

"झालं," अँजेलिना म्हणाली. तिला खरोखर हलकं वाटलं. "एवढंच हवं होतं मला. कबूल केलंस, संपलं. मी आजच फादरना भेटते. आणि व्हॅन तूच परत रंगवायची, फर्डी बाजूला उभा राहील." तिने रामनाथला आणखी चहा ओतला, मग फर्डिनंडकडे वळली. "आणि फर्डी, उद्या सकाळची पाळी मला दे. माणसं सांगून ठेवलीत. लावणी उरकली की पाणी सोडायचं. सोडशील ना?"

रामनाथ चहा पीत होता. त्याने मान वर केली नाही.

फर्डिनंड उठला. त्याने कप जपून खुर्चीवर ठेवला, रामनाथ बसला होता त्याच्या बाजूने, त्याला पाय लागू न देता, पायऱ्या उतरला, व्हॅन आणि मुनव्यांच्या मधून वाट काढली, आणि ते एक वाक्य तसंच तोंडात घेऊन अंगणाबाहेर गेला.